अंतूरला जाताना सॅटेलाइट बीकन न्यावं का?

दिवाळीनंतर आम्ही चौघं अंतूर किल्ला करायलोय. मागच्या वेळी गौताळ्याच्या जंगलात दोन तास रेंजच नव्हती, एकाचा पाय मुरगळलेला, पार घाम फुटला. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणायलाय गार्मिनचं इनरीच (रेंज नसली तरी सॅटेलाइटवरून मेसेज अन् मदतीची हाक पाठवणारं छोटं यंत्र) आणतो, आणू देऊ का?

कन्नडकर: अजिबात नको भौ. दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय इथं ते बाळगता येत नाही, विमानतळावर बॅगेत सापडलं म्हणून परदेशी ट्रेकर पकडल्याच्या बातम्या आल्यात की. आतेभावाची दिवाळी ठाण्यात जाईल.

डोंगरवेडा: पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, नुसता मदतीचा सिग्नल सोडणारं यंत्र) वेगळं, ते ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटकडं सिग्नल सोडतं अन् आपल्याकडं तो बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पोचतो. पण परवान्याची भानगड तिथंही बघावीच लागते, अन् समजा बटण दाबलं तरी अंतूरच्या कड्याखाली पहिला पोचणार कोण, तर गुराखीच. खालच्या गावात एकाचा नंबर घ्या, किती जण चाललो अन् कधी उतरणार ते सांगून जा, घरीही तेच लिहून ठेवा. शिट्टी, टॉर्च, क्रेप बँडेज, पॉवर बँक घ्या. आपली रेंज गेली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तर ११२ लागतो बऱ्याचदा.

प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं, आतेभावाला चॉकलेटच आण म्हणतो. शिट्टी कुठली घ्यावी, पीटीच्या मास्तरची चालंल का?