लाइकली लेटर: ठरलंच असेल तर बाकीच्या पोरांना का ताटकळत ठेवायचं?

जर्सीची_आई
आठवडाभर डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. अमेरिकेत आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे नामांकित, आठही कॉलेजं रेग्युलर अर्जांचा निकाल मार्चअखेरीस एकाच संध्याकाळी लावतात. पण काही मुलांना त्याआधीच, फेब्रुवारीत वगैरे, एक पत्र येतं, लाइकली लेटर. तुझी निवड होण्याची दाट शक्यता आहे अशी त्याची भाषा. शक्यता कसली, झालंच म्हणायचं, कारण आयव्हीच्या आपसातल्या करारातच आहे की शाळेतली कामगिरी घसरली नाही तर या पत्राला ॲडमिशनच्या पत्राइतकीच किंमत.
लेकाच्या वर्गातल्या एकीला आलं. तेव्हापासून हा जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवतो आणि तो वाजला की घास तसाच हातात राहतो. त्या मुलीचं मनापासून कौतुक आहे हो, पण कळवायचं तर सगळ्यांना एकदम कळवा, नाहीतर कुणालाच नको.

स्क्वॉशवाला_बाबा
असहमत. आमची लेक मुंबईत स्क्वॉश खेळायची, त्या जोरावरच तिकडे गेली. आयव्हीत खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, आणि दुसऱ्या कॉलेजचा कोच स्कॉलरशिप देऊ करत समोर उभा असतो, लवकर हो-नाही सांग म्हणतो. अशा वेळी आयव्हीच्या कोचच्या तोंडी शब्दावर सतरा वर्षांच्या पोरीने हातची स्कॉलरशिप सोडायची? ॲडमिशन कोच देत नाही, ॲडमिशन ऑफिस देतं. खेळाडूंना ऑक्टोबरपासून हे पत्र येऊ शकतं ते यासाठीच. आमच्या घरी ते आलं त्या रात्री ही कित्येक महिन्यांनी शांत झोपली.

कोथरूड_ते_बोस्टन
बाबा, तुमच्या लेकीचं पटलं. पण येलने सायन्स-इंजिनीअरिंगच्या मुलांनाही अशी पत्रं देऊन कॅम्पसवर बोलावलंय, तिथे कुठला कोच मागे लागलेला असतो? हुशार पोरं दुसऱ्या कॉलेजने पळवू नयेत, एवढंच. म्हणजे सोय कॉलेजची आणि जीव टांगणीला बाकीच्यांचा. आणि खेळाडूंचंच म्हणाल तर हार्वर्डवरच्या ॲडमिशनमधल्या भेदभावाच्या खटल्यात बाहेर आलं की कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के आत जात होते. 2019च्या ॲडमिशन घोटाळ्यात तर येलच्या महिला सॉकर कोचने लाच घेतल्याचं कबूल केलं. कोचच्या शिफारशीवर इतकं वजन ठेवलं की असं होणारच. आपल्याकडे कॅप राउंडला कितीही शिव्या घाला, अलॉटमेंट सगळ्यांना एकाच दिवशी दिसते.

स्क्वॉशवाला_बाबा
लाच घेणारा कोच जेलच्याच लायकीचा, पण त्यासाठी पहाटे पाचला स्क्वॉश कोर्टवर जाणाऱ्या पोरीचं पत्र का काढून घेता? आणि कॅपमध्ये एक मेरिट नंबर असतो. इथे निबंध, शिफारसपत्रं, सगळं वाचून ठरवतात, तुलना कशी करणार?

माजी_विद्यार्थी
मी आयव्हीतूनच शिकलो, मला असं काही पत्र आलं नव्हतं. माझ्या होस्टेलच्या मजल्यावर पत्र आलेले दोघंच होते, दोघंही रोइंगवाले, म्हणजे बोट वल्हवणारे खेळाडू. बहुतेकांना थेट मार्चअखेरीसच कळतं. ताई, लेकाला हे आजच सांगा. पत्र आलं नाही म्हणजे नकार, असं मुलं धरून चालतात आणि अभ्यासातून लक्ष काढून घेतात, ते फार वाईट.

जर्सीची_आई
हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. बाबा, खेळाडूंपुरतं तुमचं मान्य करते, बाकीच्यांसाठी अजूनही नाही. पण मग कॉलेजांनी एवढं तरी करावं, लाइकली लेटर पाठवायला लागले की उरलेल्या सगळ्यांना दोन ओळींची मेल टाकावी की पत्र आलं नाही याचा अर्थ काहीच नाही, तुझा अर्ज अजून वाचतोय. आत्ता वर जाऊन लेकाला मजल्यावरच्या त्या दोघांचं सांगते.