बिल्क म्हणजे नुसतं ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’ नव्हे

ब्रिटिश क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्क म्हणजे ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’ या एका धुनेपुरता, असं म्हटलं जातं; हे मत काही पटलं नाही. ती धून १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली हे खरं, पण तिला साथ व्हायोलिनच्या ताफ्याची. त्याच्या पॅरामाउंट जॅझ बँडचा बाज वेगळाच: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बँजो आणि मध्ये बोलर हॅट, पट्टेरी जाकीट घातलेला हा इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा गडी! क्लॅरिनेट हाती धरली ती लष्करात असताना, सुएझ कालव्याच्या भागात. पहाऱ्यावर डुलकी लागली म्हणून कोठडी मिळाली, तिथे रियाज झाला. पुढचे दोन दात शाळेतल्या मारामारीत गेलेले, एका बोटाचा तुकडा घसरगाडीवर. तरी खालच्या सुरांतली ती थरथर ऐकाच. ऐंशी ओलांडल्यावरही वाजवत होता बेटा.