घड्याळाची किंमत तीन वर्षांची काढा

व्यायामाची नोंद ठेवायला दोन हजारांचा फिटनेस बँड पुरे की महागडं स्मार्ट घड्याळ घ्यावं, हा प्रश्न अनेकांना पडतो. ठरवताना नुसती खरेदीची किंमत नको, पुढच्या तीन वर्षांचा खर्च धरा. आधी वर्गणी बघा. व्हूप या फिटनेस बँडचं सभासदत्व संपलं की तो जवळपास निरुपयोगी होतो. गार्मिन या घड्याळ कंपनीनेही २०२५ मध्ये कनेक्ट प्लस ही सशुल्क सेवा आणली, पण मूळ अ‍ॅप मोफतच आहे.

खरा छुपा खर्च बॅटरीचा. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर जाणवण्याइतकी उतरते. रोज चार्ज लागणारं घड्याळ तिथे वर्ष-दीड वर्षात पोचतं, आठवड्याला एकदा लागणारं सहा ते नऊ वर्षांनी. स्वस्त बँड बहुधा चिकटवून बंद केलेले असतात, त्यामुळे बॅटरी उतरली की अख्खा बँडच बदलावा लागतो. रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणं बंद ठेवलं तर चार्ज बराच जास्त टिकतो.

पट्टा २० किंवा २२ मिमीचा, साध्या पिनेचा असेल तर त्याच मापाचा बाजारातला कुठलाही बसतो. खास खाचेचा असेल तर निवड कमी आणि भाव जास्त. आणि 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलं असेल, म्हणजे घड्याळ फोनचंच जीपीएस वापरत असेल, तर धावताना फोन खिशात हवाच, नाहीतर अंतर नुसतं पावलांवरून अंदाजाने येतं.