सावली : शेड की शॅडो?

मामांची एकसष्टी आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी निमंत्रणाचा मजकूर इंग्रजीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मूळ वाक्य होतं, ‘आम्ही सगळी भावंडं मामांच्या सावलीत वाढलो.’ मी लिहिलं, ‘वी ऑल ग्रू अप इन मामाज शॅडो.’ लंडनच्या मावसबहिणीचा लगेच मेसेज आला : "दादा, मामांनी तुम्हा सगळ्यांना झाकोळून टाकलं, असा अर्थ होतो रे याचा! अजून कुणाला पाठवलं नाहीस ना?"

पाठवलं होतं.

शब्दकोशात सावलीपुढे शेड आणि शॅडो दोन्ही आहेत. नेमका फरक काय? आणि मामांसाठी आता काय लिहू?

*

शेड म्हणजे जागा, शॅडो म्हणजे आकृती. ऊन अडल्यामुळे जिथे गारवा मिळतो, घटकाभर टेकता येतं, ती शेड : ‘लेट्स सिट इन द शेड.’ वस्तूचा जो काळा आकार जमिनीवर किंवा भिंतीवर उमटतो, ती शॅडो : ‘द चाइल्ड वॉज स्केअर्ड ऑफ हिज ओन शॅडो.’ म्हणून शॅडो मोजता येते, एक शॅडो, दोन शॅडोज. गारव्याच्या अर्थाची शेड सहसा मोजत नाहीत.

मला हा फरक शून्य सावली दिवसाने, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो त्या दिवसाने, शिकवला. आपल्याकडे मुंबई-पुण्याला तो मेच्या मध्यात येतो. इंग्रजीत झीरो शॅडो डे. भर दुपारी मैदानात पाण्याची बाटली उभी करून आम्ही तिची सावली शोधत होतो. सापडली नाही, टाळ्या झाल्या, आणि घामाघूम झालेले सगळे पळाले वडाखाली. शॅडो शून्य, शेड भरपूर.

*

गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ जुन्या इंग्रजीतला एकच शब्द. त्याच्या मूळ रूपातून शेड आलं आणि सामान्यरूपातून शॅडो. आपल्या ‘घोडा’ आणि ‘घोड्या-’ यांचे पुढे दोन स्वतंत्र शब्द व्हावेत, तसं.

लॅटिनमधली सावली अम्ब्रा. तिच्यावरून अम्ब्रेला. ग्रहणातली प्रच्छाया, म्हणजे मधली गडद सावली, ती अम्ब्रा; उपच्छाया, म्हणजे भोवतालची फिकट सावली, ती पेनम्ब्रा. ‘टेक अम्ब्रेज’ हाही त्याच घरातला, अर्थ मात्र राग मानणं, मनाला लावून घेणं : ‘शी टुक अम्ब्रेज अ‍ॅट द रिमार्क.’ मामांनी घेतला नाही म्हणजे मिळवली.

*

शॅडो नेहमी वाईटच असते असं नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमधल्या स्तोत्रांत भक्त देवाच्या पंखांच्या शॅडोतच आसरा मागतो. ती स्तोत्रं मुळात कडक उन्हाच्या मुलखातली, तिथे सावली हे सुखच. आपली छत्रछायाही तशीच. पण आजच्या बोलीत माणसाच्या शॅडोत असणं म्हणजे त्याच्या मोठेपणापुढे न दिसणं : ‘शी ऑलवेज लिव्ह्ड इन हर सिस्टर्स शॅडो.’ तुमची बहीण बरोबर आहे.

*

मग ‘इन मामाज शेड’ चालेल?

*

नको हो! मामा म्हणजे झाड वाटतील.

*

थोडं अवांतर. पत्र्याची शेड, गाईंची शेड हा शब्द वेगळा बरं का. त्याचा उच्चार आखूड, सावलीच्या शेडचा लांब. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे आमच्याकडे एका पाटीवर ‘शेडमध्ये गाड्या लावा’ लिहिलंय आणि लोक झाडाखाली लावतात. रंगाच्या दुकानातली ‘जरा लाइट शेड दाखवा’ मात्र सावलीवालीच, तिथे आपला शब्द छटा. आणि डोळ्यांना लावतात ती शॅडो.

*

‘अंडर मामाज विंग’ लिहा. ‘टेक समवन अंडर युअर विंग’ म्हणजे एखाद्याला मायेने सांभाळणं, हाताशी धरून शिकवणं. ‘द सीनियर नर्स टुक हर अंडर हर विंग.’ आपल्या ‘पंखाखाली घेणं’च्या अगदी जवळचं.

*

सर्वांचे आभार. ‘वी ऑल ग्रू अप अंडर मामाज विंग’ असं दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. मामांना फोनवर मराठीत अर्थ सांगितला. क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आधी मी ढग होतो, आता कोंबडी."