बायपासनंतर दोनच दिवसांत अँटिबायोटिक बंद?

लालबागचा_पोरगा: मंगळवारी बाबांची बायपास झाली, परळला. गुरुवारी अँटिबायोटिक बंद. सिस्टरना विचारलं तर म्हणे कोर्स संपला. अहो छातीचं हाड उभं कापलंय, पायाची शीर काढलीय, छातीतली नळी अजून तशीच आहे आणि इथे साधी दाढ काढली तरी पाच दिवस गोळ्या देतात! बिल लाखांत लावतात मग इंजेक्शनलाच कसली काटकसर? मला नाही पटत.

ओटीवाली_ताई: काटकसर नाही रे दादा, बारा वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काढलीयत म्हणून सांगते. ते औषध जखम भरायला नसतंच, चीर पडताना रक्तात हजर पाहिजे म्हणून असतं. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरेच्या आधी तासाभरात, व्हँकोमायसिन हे दुसरं हळूहळू सोडावं लागतं म्हणून दोन तासांत, आणि ऑपरेशन चार तासांवर गेलं की सेफाझोलिन परत. ते चुकलं तर नंतर दहा दिवस द्या, उपयोग नाही. हार्टला 48 तासांपर्यंत चालवतात, डब्ल्यूएचओ तर 2016 पासून ऑपरेशननंतर लांबवूच नका म्हणतंय. नळी आहे म्हणून चालू ठेवा, हेही नाही.

गिरगावचे_काका: हे नियम तिकडच्या चकचकीत हॉस्पिटलांचे. आमच्याकडे भेटायला येणारे लोकलचे कपडे घालून थेट खाटेवर बसतात. माझ्या धाकट्या भावाला बाराव्या दिवशी टाक्यांतून पू आला, हाड बांधलेल्या तारा काढून छाती परत उघडावी लागली. शुगर होती त्याला. तेव्हा शहाणपणा नको, सात दिवस द्याच.

ओटीवाली_ताई: वाईट झालं काका. पण त्यांना किती दिवस दिलं होतं?

गिरगावचे_काका: सातच दिवस. पण ती गोष्ट वेगळी.

ओटीवाली_ताई: वेगळी कशी? खाटेवरच्या पाहुण्याला उठवा ना, त्याच्यासाठी पेशंटला औषध कशाला. जास्त दिवस दिलं की साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, वर जुलाब आणि किडनीला त्रास. त्यापेक्षा केस वस्तऱ्याने नाही क्लिपरने काढले का, नाकात स्टॅफ जंतू होता तर म्युपिरोसिन मलम लावलं का, शुगर 180 च्या खाली आहे का, हे विचारा. कोणी विचारत नाही!

लालबागचा_पोरगा: चार्ट बघितला. शुगर 236. आणि मावशी सिद्धिविनायकाचे पेढे घेऊन बसलीय. अँटिबायोटिकचं अजून पूर्ण पटलं नाहीये, पण बाबांच्या हातातला पेढा काढून घेतला. आता ते माझ्याशी बोलत नाहीयेत.