शहर बसच्या मागच्या बाकावर इतके हादरे का बसतात?

प्रश्न : जुळे सोलापूरहून नवी पेठेत मी आईला आठवड्यातून दोनदा शहर बसने नेतो. तिला कंबरदुखी आहे. परवा मागचे चाक गतिरोधकावरून गेले तेव्हा ती बाकावरून वीतभर उचलली गेली आणि मांडीवरच्या कडक भाकरीच्या पुड्याचा चुरा झाला. दोष चालकाचा, रस्त्याचा की गाडीचा?

उत्तर : बराचसा दोष जागेचा आहे. मागच्या चाकांच्याही मागे असलेला बाक तरफेच्या टोकासारखा वर फेकला जातो, म्हणून आईंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या बाकावर बसवावे. शिवाय पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा भरलेल्या गाडीचे वजन धरून बनवलेल्या असतात. दुपारी गाडी रिकामी असली की त्या फारशा दबत नाहीत आणि धक्का थेट कमरेत उतरतो. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे पाट्यांऐवजी हवा भरलेल्या फुग्यांवर तोललेल्या गाडीत वजनानुसार हवेचा दाब बदलत असल्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

उत्तर : तरीही चालकाला मोकळे सोडू नये. मी स्वतः अनेक वर्षे मालमोटार चालवली आहे. गाडी थांबण्याच्या शेवटच्या क्षणी ब्रेकवरचा पाय किंचित सैल केला, तर उभा प्रवासी पुढे झुकून पुन्हा मागे आदळत नाही. सात रस्ता चौकात रिक्षा आडवी आली तर मात्र कोणाचीच कला चालत नाही, हेही खरे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. काल मधल्या बाकावर बसलो. आईने वाटेत एकदाही दांडा धरला नाही. चढायची पायरी मात्र अजून उंचच आहे.