पुण्यात घरोघरी आरओ कशाला?

नारायणपेठी
परवा आमच्या इमारतीत एक विक्रेता दारोदार फिरत होता. नळाच्या पाण्याच्या ग्लासात त्याने दोन सळया सोडल्या, बटण दाबलं आणि बघता बघता पाणी तपकिरी झालं. शेजारच्या ग्लासातलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढलेलं पाणी होतं तसंच राहिलं. समोरच्या मावशींनी घाबरून तिथल्या तिथे यंत्र बुक केलं.

तो गाळ पाण्यातला नसतो, सळईच्या लोखंडाचा असतो. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, म्हणून ते नितळ राहतं. म्हातारी माणसं अशी फसवली जातात याची मला मनापासून चीड येते.

पेठा, डेक्कन, कोथरूड, जिथे जिथे खडकवासल्याचं शुद्ध केलेलं पाणी येतं तिथे आरओ लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. धरणात साठलेलं पावसाचं पाणी मुळातच हलकं असतं. आमच्या नळाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०० च्या आतबाहेर येतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, २०० आहे. २०१९ मध्ये हरित लवादानेसुद्धा ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं सांगितलं होतं. लिटरभर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं आणि उन्हाळ्यात कपात आली की ओरडायचं, हे बरोबर नाही.

वाघोलीकर
ताई, तुमचं पुणे आणि आमचं पुणे वेगळं आहे. वाघोली २०२१ साली शहरात आली, पण आमची सोसायटी अजून बोअर आणि टँकरवर आहे. टीडीएस मीटर ९०० दाखवतो. शॉवरची भोकं महिन्याभरात बुजतात. गिझरची कॉईल काढली तर तिच्यावर चुन्याचा बोटभर थर. साबणाला फेस येत नाही, अंगावर चिकट राहतो. तूरडाळ कुकरला कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा दाणा वेगळा राहतो, म्हणून बायको डाळीला आरओचंच पाणी घालते. अशा ठिकाणी ‘आरओ कशाला’ असं विचारणं म्हणजे आमच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

केमिस्ट्रीवाली
वाघोलीकर, पिण्यासाठी आरओ तुम्हाला हवाच, त्यावर वाद नाही. पण गिझर आणि शॉवरचा त्रास आरओने सुटत नाही. पुण्याखालचा खडक काळा बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. त्याला सोसायटीच्या टाकीआधी सॉफ्टनर लागतो. त्यातलं रेझिन, म्हणजे राळेचे बारीक मणी, कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, आणि मिठाच्या पाण्याने ते रेझिन वरचेवर धुवावं लागतं. हे धुतलेलं पाणी बागेत सोडू नका, झाडं जळतात. आणि सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही, म्हणून त्यानंतर मीटर लावून ‘यंत्र चालत नाही’ असं म्हणू नका.

मुतखड्याची भीती दाखवून आरओ विकतात, तेही चूक. पाण्याच्या जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच ठरवलेली नाही.

सिंहगडरोड
धागाकर्त्या ताईंशी पूर्ण असहमत. तुम्ही सगळे क्षार मोजताय आणि जंतूंना विसरताय. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच भागात, सिंहगड रोडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. नांदेडच्या विहिरीतून येणारं पाणी गाळलेलं नव्हतं, त्यात फक्त क्लोरीन टाकलं जायचं. टीडीएस मीटरवर तेच पाणी उत्तम दिसलं असतं! तेव्हापासून आमच्या घरी नळाचं पाणी थेट कोणी तोंडाला लावत नाही, आणि तो आमचा हक्क आहे.

नारायणपेठी
जंतूंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो, जंतू त्याला दिसत नाहीत. पण म्हणून उत्तर आरओ कसं? त्याच साथीत तुमच्याच भागातल्या खासगी आरओ प्लँटचं पाणी दूषित निघालं आणि पालिकेने कितीतरी प्लँटना टाळं लावलं. जार भरून आणणारे निर्धास्त होते. आरओने पाण्यातलं क्लोरीनही जातं, मग जार किंवा टाकी अस्वच्छ असेल तर जंतू वाढायला रान मोकळं. पाणी खळखळून उकळा, नाहीतर अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही लावा, त्यात थेंब वाया जात नाही. नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम येतंय का, ते बघायचं किट स्वस्तात मिळतं. आणि इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली ते कमिटीला विचारा.

सिंहगडरोड
उकळायला गॅस लागतो ताई, आणि टाकीचं कमिटीला विचारून विचारून माणूस थकतो. यूव्हीचं मात्र पटलं. तरी ज्याच्या घरात आजारपण होऊन गेलंय, त्याला ‘पैसे वाया घालवलेस’ असं म्हणू नका.

वाघोलीकर
सॉफ्टनरचा विषय कमिटीत निघाला होता. मीठ, रेझिन, माणूस, सगळं मेंटेनन्समध्ये येणार म्हणून भाडेकरू ठेवलेल्या मालकांनी हाणून पाडला. गिझर त्यांचा जळत नाही ना! मला त्याहून मोठी काळजी टँकरची वाटते. रोज रांगेने टँकर रिकामे होतात, पण कुठल्या विहिरीतून भरून आले हे चालकालाही नीट सांगता येत नाही. केमिस्ट्रीवाली ताई, रविवारी आमची सभा आहे. टँकरवाल्याने उगमाचं नाव आणि पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला लेखी द्यावा, नाहीतर बिल अडवावं, असा ठराव मांडतोय. अहवालात कुठल्या चाचण्या मागायच्या?

केमिस्ट्रीवाली
एकूण कठीणपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराईड आणि ई. कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याचं सांगणारा जंतू. नमुना टँकरच्या पाईपमधून घ्या, टाकीतून नको, नाहीतर दोष टाकीवर ढकलतील. ई. कोलायसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली मागा आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.